माशांच्या पाठची भिंत

फिश टँकच्या आत, मागच्या काचेला लागून खडकाची भिंत करायची ठरली, तर बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारसारख्या गावात सामानासाठी फार हिंडावं लागत नाही. नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल माळ्यावर पडून असतो. बांधकामातून उरलेलं अर्धं पोतं सिमेंट कोपऱ्यात असतं, ओट्याच्या कडप्प्याचा तुकडा भिंतीला टेकवलेला असतो. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी असते आणि दारांना देऊन राहिलेल्या ऑइल पेंटचा डबाही असतो. चार दिवसांत डोंगर उभा राहतो, त्यात गुहा कोरल्या जातात, पाचव्या दिवशी पाणी भरून मासे सोडले जातात. पुढे ते मासे जगतात की नाही, हे या पाच वस्तूंपैकी कोणती कशी वापरली यावर ठरतं. यातली सगळ्यात बदनाम वस्तू म्हणजे सिमेंट, आणि ती आपल्याकडच्या पाण्यात सगळ्यात कमी त्रास देते. जाळीकडे आणि डब्याकडे मात्र कोणी संशयाने पाहतही नाही, आणि खरा घात तिथेच होतो.

‘अमुक वस्तू माशांना चालते का?’ हा प्रश्न मुळात अपुरा आहे. त्या वस्तूतून काय सुटतं, किती दिवस सुटत राहतं आणि कोणत्या पाण्यात सुटतं, असं विचारायला हवं. तिसरा भाग महत्त्वाचा, कारण बाहेरचे सल्ले बाहेरच्या पाण्यासाठी लिहिलेले असतात.

पाण्याचीच गोष्ट आधी. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. म्हणजे आता टाकी भरायला विहिरीवर जायचं काम नाही, नळ आहे. पण माणसाला पिण्यालायक पाणी माशाला राहण्यालायक असतंच असं नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, तांब्याला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारतं आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं. माशांच्या परजीवींवर औषध म्हणून तांबं वापरतात तेव्हा पाण्यात त्याचं प्रमाण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात आणि तेही रोज मोजून, कारण त्यापुढे मासाच जायचा. जस्ताला हेच मानक ५ मिलिग्रॅमपर्यंत हरकत घेत नाही. आपण पाणी पितो, ते पोटात जातं, यकृत त्याचा निकाल लावतं. मासा त्याच पाण्यात रात्रंदिवस कल्ले उघडे टाकून असतो आणि त्याचं रक्त पाण्यापासून एका पातळ पडद्यापुरतंच दूर असतं. म्हणून डब्यावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं दिसलं की ती चांगली खूण समजावी, परवाना समजू नये.

जस्तावरून पुन्हा जाळीकडे. खुराड्याची जीआय जाळी म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. सिमेंटच्या भिंतीला सांगाडा हवा म्हणून ती आत घालतात, वरून लेप देतात, आणि आता जाळी झाकली गेली असं समजतात. लेपाला केसासारखी चीर जाते, पाणी आत शिरतं, जस्त सुटू लागतं. मासे एकदम मरत नाहीत. आठवड्याला एक जातो आणि दोष पाण्याच्या नावावर लागतो. आपल्या भागात हिला सोपा पर्याय आहे. रोपवाटिकेवर घालतात ती शेडनेट प्लास्टिकची असते, पाण्यात काही सोडत नाही आणि सिमेंटला धरूनही ठेवते. केळीच्या बागेमुळे ठिबकच्या नळ्या तर गावोगाव पडलेल्या असतात, त्यांचाही सांगाडा होतो. फक्त नळी नवी हवी. शेतातून काढलेल्या नळीतून विद्राव्य खतं गेलेली असतात, नळी साफ करायला सोडलेलं ॲसिड गेलेलं असतं, तिच्या आत काय चिकटून आहे ते बाहेरून दिसत नाही.

आता सिमेंट. ओल्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि त्याच्या सान्निध्यातल्या पाण्याचा पीएच बारापर्यंत चढतो. ही भीती खरीच आहे. पण पीएच वाढल्याने मासा भाजतो, एवढीच ती गोष्ट नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सतत येत असतो आणि पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि दुसरं जहाल. पाणी २५ अंश आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का भाग जहाल रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो, ९ झाला की पस्तीस टक्क्यांच्या वर. पाणी तापलं की आणखी वाढतो. आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला टाकीचं पाणी किती तापतं ते सांगायला नको. म्हणजे भिंतीने अमोनिया तयार केलेला नसतो, जो होता त्यालाच तिने धार लावलेली असते. नव्या टाकीत हा अमोनिया पचवणारे जिवाणू अजून जमलेले नसतात, म्हणून ताज्या सिमेंटची भिंत आणि नवी टाकी हा जोडीचा घात.

पण याची दुसरी बाजू बुऱ्हाणपुरात जमिनीखाली पाहायला मिळते. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी शहरापर्यंत आणायला कुंडी भंडारा बांधला गेला. शंभरावर कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि उतारानेच पाणी पुढे सरकतं. आत उतरलं की भिंतींवर पांढरट क्षारांचे थर दिसतात. ती चारशे वर्षांच्या पाण्याची सही आहे. असं चुन्याने जड झालेलं पाणी सिमेंटला भेटतं तेव्हा सिमेंटमधून सुटणारा चुना आणि पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट यांची गाठ पडते आणि पृष्ठभागावर चुनखडीचा पापुद्रा बसतो. भिंत स्वतःच स्वतःला लिंपते. मऊ पाण्यात हे होत नाही, तिथे चुना सुटतच राहतो. त्यामुळे ‘माशांना शुद्ध पाणी’ म्हणून सिमेंटच्या टाकीत आरओचं पाणी ओतणारा माणूस आपल्या हाताने संकट ओढवून घेतो. सिमेंटच्या भिंतीशी बोअरच्या जड पाण्याचं बरं जमतं.

तरी थांबावं लागतंच. बाजारात सहज मिळणारं पीपीसी सिमेंट इथे बरं, कारण मानकाप्रमाणे त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते आणि ती राख मोकळा चुना काही प्रमाणात बांधून घेते. पांढरं सिमेंट टाळावं. त्यात घालायचं म्हणून दुकानदार पुढे करतो ते वॉटरप्रूफिंगचं द्रावणही टाळावं, त्यात काय आहे ते डब्यावर पूर्ण लिहिलेलं नसतं. एकच जाड थर देण्यापेक्षा पातळ तीन-चार थर द्यावेत, ओले ठेवून पिकवावेत, मग भिंत पाण्यात बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावं. चार ते सहा आठवडे लागतात. नुसत्या साध्या पाण्याचा आणि भिंतीच्या पाण्याचा पीएच सारखा येईपर्यंत भिंत पिकलेली नाही. ज्याला एवढा धीर नाही त्याने वरून इपॉक्सीचा थर द्यावा, पण त्याचंही पुढे ऐका.

प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दल दोनच वाक्यं. ते म्हणजे जिप्सम, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि विरघळतच राहतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली ती नदी-तलावांसाठी, मग दोनशे लिटरच्या काचपेटीत ते कशाला घालावं?

दगडांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, आणि फसतो ते आपल्याच घरात. सातपुड्याचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पाण्यात वर्षानुवर्षं पडून राहिला तरी काही सोडत नाही. ओट्याचा कडप्पाही काळाच, सपाट, सुरेख थरांचा. बघणाऱ्याला तो पाटीचा दगड वाटतो, पण कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. शहाबादी फरशीही तीच. तापीकाठच्या काळ्या मातीत सापडणारे पांढुरके खडेही चुनखडीचेच. ओळखायला सोपं आहे. दगड धुऊन, वाळवून, एक कोपरा खरवडून त्यावर लिंबू पिळायचं किंवा व्हिनेगरचे थेंब टाकायचे आणि कानाजवळ धरायचं. चुनखडी फसफसते. लिंबाने शंका राहिली तर संडास साफ करायचं ॲसिड एक थेंब, मात्र उघड्यावर आणि हातमोजे घालून. काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक भरलेले असतील तर थेंब तिथेही टाकावा. गारगोटी असेल तर गप्प बसेल, कॅल्साइट असेल तर बोलेल.

फसफसला म्हणून दगड लगेच फेकू नका, आधी मासे कोणते ते ठरवा. मॉली आणि गप्पी जड पाण्यात खूश असतात, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडना तर पीएच आठच्या आसपासच लागतो. त्यांच्यासाठी कडप्प्याची भिंत उत्तम. निऑन टेट्रा किंवा डिस्कस आणायचे असतील तर तीच भिंत चुकीची. खरं सांगायचं तर आमच्या पाण्यात डिस्कस पाळायचा हट्टच चुकीचा, पण हौसेला कोण अडवणार.

थर्मोकोलची अडचण रसायनाची कमी आणि उसळीची जास्त. हिशोब करून पाहा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे साधारण १९० लिटर पाणी. तिच्या पूर्ण पाठीला दोन इंच जाडीचा थर्मोकोल लावला तर तो २१ लिटर जागा घेतो, आणि म्हणून पाणी त्याला २१ किलोच्या जोराने वर ढकलतं. त्याचं स्वतःचं वजन अर्धा किलोही भरत नाही. ‘वर सिमेंट दिलंय, आता बसेल’ असं म्हणतात, पण पाच मिलिमीटरचा थर दिल्याने ही उसळी दोन-अडीच किलोनेच कमी होते. उरलेले अठरा किलो फक्त चिकटवणाऱ्या सिलिकॉनच्या जिवावर, रोज, वर्षानुवर्षं. म्हणून सिलिकॉन काचेवर चार टिंबं देऊन भागत नाही. पाठभर आणि कडेने सलग द्यायचं, तेही कोरड्या, स्पिरिटने पुसलेल्या काचेवर. शिवाय टाकीची एक नवमांश जागा भिंतीने खाल्ली, तेवढे मासे कमी, हेही लक्षात ठेवायचं.

गणपतीच्या मखराचा थर्मोकोल पुढे टाकीत जायचा, तो काळ सरला. महाराष्ट्राने २०१८ मध्येच बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, म्हणजे मध्य प्रदेशातल्या आम्हालाही. हाती येतो तो खोक्यातला. तो मखराला चालत नसला तरी टाकीला चालतो. बांधकामात उष्णतारोधक म्हणून वापरलेला तुकडा मात्र घेऊ नये. त्यात आग रोखणारी रसायनं असू शकतात, आणि त्यांतल्या हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेनवर भारतानेही २०१८ मध्ये बंदी घातली आहे. दाराच्या चौकटीत भरायच्या पिवळ्या फोमलाही याच कारणाने नको म्हणावं. परदेशात तळ्यांसाठी वेगळा काळा फोम मिळतो, आपल्याकडचा चौकटीचा फोम म्हणजे तो नव्हे.

उघडा थर्मोकोल ठेवला तर सकर मासा त्याला रात्रभर खरवडतो आणि गोल्डफिश मणी गिळतो. मण्यांनी आतडं बंद होतं. तेव्हा थर्मोकोल पूर्ण झाकायचाच.

आता चिकटवणं आणि रंगवणं. माझ्या मते भिंतीच्या अंगापेक्षा तिच्या कातडीने जास्त मासे मारले आहेत. सिलिकॉन घेताना ट्यूब उलटून वाचावी. बाथरूमसाठीच्या ट्यूबवर बुरशी धरत नाही अशी जाहिरात असते. ती बुरशी न धरण्याचं कारण म्हणजे आत मिसळलेलं बुरशीनाशक, आणि ते माशांना आणि टाकीतल्या जिवाणूंनाही ओळखतं. मत्स्यटाकीसाठी म्हणून लिहिलेलं किंवा काहीही न मिसळलेलं काचेचं सिलिकॉन घ्यावं. ते वाळताना व्हिनेगरचा वास येतो. जाड थर आतून वाळायला दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच्या हिशोबाने वेळ घेतो, म्हणजे बोटभर जाड रेघेला आठवडा सहज लागतो. वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नये. पांढरा गोंद पाण्यात मऊ पडतो. चपला चिकटवायचा पिवळा गोंद थर्मोकोलला विरघळवून टाकतो, कारण त्यात द्रावक असतं. दोन नळ्यांचं इपॉक्सी चांगलं, पण दोन्ही भाग बरोबरीने आणि पूर्ण मिसळलेले हवेत. न मिसळलेला हार्डनर कडक होत नाही, चिकट राहतो आणि पाण्यात उतरतो. नखाने दाबून खूण उमटली तर अजून वाळायचंय.

ऑइल पेंट आत नकोच. द्रावक उडून गेला तरी तेलाचा थर पाण्याखाली फुगतो आणि सुटतो. त्यातून घरातला डबा जुना असेल तर शिशाचाही प्रश्न आहे. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्याबद्दल काही सांगता येत नाही. रंग हवाच असेल तर तो सिमेंटमध्येच कालवावा. कुंभार वापरतो तो गेरू, फरशीत घालायची रेड ऑक्साइडची पूड, काळी ऑक्साइडची पूड ही सगळी लोखंडाची ऑक्साइडं आहेत, पाण्यात ढिम्म हलत नाहीत. दुकानात मात्र ‘पूड’ असं ठासून सांगा, नाहीतर हातात रेड ऑक्साइड प्रायमरचा डबा पडतो. त्यात लाल रंगाबरोबर तेल आणि थिनर आलंच.

लाकडाबद्दल पुस्तकापेक्षा रानात वावरणाऱ्या माणसाला विचारलेलं बरं. देडतलाईवरून पुढे धारणी आणि मेळघाट लागतो, मागे सातपुडा आहे. मध्य भारतातल्या आदिवासी भागांत डोहातले मासे झिंगवायला काही झाडांची फळं आणि साली कुटून टाकण्याची रीत जुनी आहे. गेळफळ, हिंगणबेट ही त्यातली ठळक नावं. त्यांच्यातलं सॅपोनिन, म्हणजे रिठ्यातला तोच फेस आणणारा पदार्थ, कल्ल्यांवर जातो. थोराचा चीकही तसाच. ज्या झाडाने मासे झिंगतात त्याचा ओंडका टाकीत सजवू नये, एवढं ज्ञान रानाकडे शतकांपासून आहे. पुरात वाहून येऊन वाळलेलं, साल गळून गेलेलं जुनं लाकूड उकळून घेतलं तर बरं. काही दिवस पाण्याला चहासारखा रंग येतो, त्याने बिघडत नाही. बांबू सुंदर दिसतो, पण त्यातलं पिष्ट पाण्याखाली सडतं, पेराच्या आत कुजकं पाणी साचतं. केळीच्या खोडाचा धागा हे आमच्या जिल्ह्याचं नवं कौतुक आहे, दोर वळायला, पिशव्या करायला तो उत्तम. टाकीत मात्र तो आठवड्यात बुळबुळीत होतो आणि सडताना माशांच्या वाट्याचा प्राणवायू खातो. पाणी ३० अंशांवर गेलं की लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू त्यात मावतो, त्यात आणखी वाटेकरी नकोत.

एवढी चाळणी लावल्यावर माझ्या मनात उरतं ते कवेलू. मातीच्या घरांवर पत्रे आणि स्लॅब आले तसे कवेलू उतरले आणि परसात रचून ठेवले गेले. भाजलेली माती, वर झिलई नाही, पाण्यात काही सुटत नाही. आकार आधीच अर्ध्या नळीचा, म्हणजे गुहा कोरायच्या कष्टातून सुटका. एकावर एक आडवे बसवले की छपराच्या ओळीसारखी भिंत होते, आणि लपायला जागा मिळाली म्हणून मासे बुजत नाहीत. वजनाने बसतात, उसळीचा प्रश्नच नाही. तळाशी काचेवर टोक टेकू नये म्हणून खाली प्लास्टिकची जाळी घालावी. काजळी, चुन्याचे फराटे, उंदरांची घाण असते, म्हणून ब्रशने घासून, उकळून, दोन-तीन उन्हं द्यावीत. साबण नको. झिलईचे चिनी मातीचे तुकडे मात्र यात मिसळू नयेत, काही झिलयांत शिसं असतं.

भिंत कशाचीही करा, तिच्या मागे पाणी अडकू देऊ नका. काच आणि भिंत यांच्यामधली बोटभर फट ही सगळ्यात वाईट जागा. तिथे खाणं आणि घाण जाऊन बसते, पाणी हलत नाही, सडक्या अंड्याचा वास धरतो. एकतर भिंत काचेला पूर्ण चिकटलेली हवी, नाहीतर मागे चांगली चार बोटं जागा सोडून तिथेच पंप ठेवावा, म्हणजे पाणी फिरतं राहील.

टाकीत घालण्याआधी बादलीची परीक्षा. दोन सारख्या बादल्या, एकीत भिंतीचा तुकडा, दुसरीत नुसतं तेच पाणी, दोन आठवडे. पीएचची पट्टी आणि आरओवाल्याकडे असतो तो टीडीएसचा मीटर, दोन्ही बादल्यांत लावून फरक पाहायचा. त्यानंतर मासा टाकून बघायची पद्धत आहे, मला ती आवडत नाही. त्याऐवजी कांदा. १९३८ साली लेव्हान नावाच्या शास्त्रज्ञाने रसायनांचा परिणाम कांद्याच्या मुळांवर पाहायची रीत मांडली, आणि पाण्यातलं विष तपासायला ती आजही वापरतात. जुनी मुळं कापलेले सारखे चार-पाच लहान कांदे प्रत्येक बादलीच्या पाण्यावर, बूड तेवढं पाण्याला टेकेल असे पेल्यांवर ठेवायचे. चार दिवसांत साध्या पाण्यावर पांढरीशुभ्र मुळं बोटभर लोंबतात. भिंतीच्या पाण्यावरची मुळं खुजी, पिवळी किंवा वाकडी आली तर तांबं, जस्त, चुना यांपैकी कोणीतरी आत आहे.

कांद्याला एक गोष्ट कळत नाही. केळी आणि कपाशीच्या गावात ती सगळ्यात जवळची आहे: कीटकनाशक. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या अंशानेही पुरतात, आणि कांद्याची मुळं मात्र तेवढ्याने हलत नाहीत. फवारणीचं औषध कालवलेली बादली सात वेळा धुतली तरी सिमेंट त्यात कालवू नये, पाणी त्यातून आणू नये. पंप मारून आल्यावर त्याच हातांनी टाकीत हात घालू नये. एअर पंप असतो त्याच खोलीत डास मारायचं यंत्र लावलं तर ती हवा बुडबुड्यांतून सरळ पाण्यात जाते. भिंतीवर संशय घेत बसलेल्याने आधी ही बादली आणि तो प्लग बघावा.

आणि एवढं सगळं नको असेल तर भिंत काचेच्या बाहेर ठेवा. मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा गडद निळा डिस्टेंपर दिला की टाकी खोल दिसते आणि मासे उठून दिसतात. निवडणुकीनंतर उतरवलेल्या फ्लेक्सची मागची बाजू काळी असेल तर तीही चालते. काचेला खोबरेल तेलाचा पातळ हात देऊन तो चिकटवला की मधली हवा निघून जाते आणि रंग दाट दिसतो. उमेदवाराचा चेहरा भिंतीकडे करायचा.